सांगून जायचं

माझ्या घरातून उठताना कुणी ‘येतो’ म्हटलं नाही, तर मी त्याला दारात अडवते. मग तो गॅसची टाकी आणणारा असो, नात्यातला असो, नाहीतर आमच्या खात्यातला निवृत्त मोठा साहेब असो. ‘सांगून जा,’ म्हणते. लोक या खोडीवर हसतात. ‘बाई जरा तऱ्हेवाईक आहे,’ असं माघारी म्हणतात. म्हणू देत. तऱ्हा माझी आहे आणि ती मला फुकटात मिळालेली नाही.

आपल्याकडे निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. घरचे ‘या’ म्हणतात. फक्त एका घरी हे बोलायची बंदी असते. ज्या घरात मयत झाली आहे तिथं भेटायला गेलेल्या माणसानं मान खाली घालून बसायचं आणि वेळ झाली की कपडे झटकून न बोलता चालू लागायचं. घरच्यांनीही त्याला ‘या’ म्हणायचं नाही. अशा कामासाठी पुन्हा या घरी यायची पाळी येऊ नये, असा त्यातला भाव. भाव चांगला आहे, मी नाकारत नाही. पण ज्या घरातून एक माणूस आधीच निघून गेलं आहे, त्या घरातल्यांना आणखी माणसं न सांगता जाताना बघायला लावायचं, हे ज्यानं ठरवलं त्याच्या घरी कधी कुणी मेलं नसावं.

माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात गेला. आमचं गाव अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला, थोडं आत. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळं गाव त्या कामावर होतं. पुरुष खोदायचे, बायका पाट्या वाहायच्या. संध्याकाळी मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी व्हायच्या. त्या भाकरीनं पोट भरायचं, पण जेवलो असं वाटायचं नाही.

बापाला मी दादा म्हणायची. त्याची एक सवय होती. कामाला निघताना तो उंबऱ्याबाहेर उभा राहून मला हाक मारायचा, ‘येतो गं बाई.’ मी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडायचं नाही. मी रुसलेली असले आणि मुद्दाम गप्प बसले, तर तो तिथंच विडी ओढत बसायचा आणि माय आम्हा दोघांना हसत शिव्या घालायची. त्या दिवशी मला ताप होता. माय माझ्या उशाशी जागून शेवटी डोळा लागून पडली होती. उन्हाच्या आधी खोदकाम उरकावं म्हणून दादा लवकर उठला आणि आमची झोप मोडू नये म्हणून पावलं न वाजवता निघून गेला. दुपारी मुरमाची कड ढासळली. त्याला बाजेवर घालून आणलं.

माय रडली नाही. ‘सांगून गेला न्हाई,’ एवढं एकदा म्हणाली आणि तिनं बोलणं बंद केलं.

आमचं घर बौद्ध. दीक्षेला बरीच वर्षं झाली होती. तेरावं नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. पंचशील म्हणून, वंदना घेऊन आम्ही त्याला निरोप दिला. प्रतिज्ञा घेतल्या होत्या, पण वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातातला दगड काही कुणी काढून घेतला नव्हता. त्यांनी मायला दाराशी बसवलं आणि तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दगडानं फोडल्या. काच मनगटात घुसली. मायनं हात मागं घेतला नाही. मला वाटत होतं की तिनं ओरडावं, कुणाला तरी ढकलून द्यावं. तिनं काहीच केलं नाही, म्हणून मीच ओरडले, तर मला घरात नेऊन बसवलं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. ‘देवाला चांगली माणसं आवडतात,’ असं एक म्हातारा म्हणाला. आम्ही देव सोडून इतकी वर्षं झाली, पण देवानं काही आमच्या बापाची आवड सोडली नव्हती म्हणायची. ‘दुष्काळात तेरावा महिना’ हे तर जो तो म्हणून गेला. ती म्हण मला आजही ऐकवत नाही. माझा बाप काय अधिक महिना होता? आणि हे सगळं बोलून झालं की ती माणसं उठायची आणि पाठ फिरवून गप निघून जायची. प्रत्येक वेळी माय मान वर करून दाराकडं बघायची. बसलेलं माणूस उठलं की तिचा श्वास अडकायचा, हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. ते दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिला दुसऱ्या माणसाचं उंबरा ओलांडणंच सहन होईना. मी घागर घेऊन टँकरच्या रांगेला निघाले की ती माझ्या मागून यायची. शेजारी काडेपेटी मागायला गेले तरी दारात उभी. एकदा मी बाहेर पळाले, तर तिनं माझी वेणी धरून मला आत ओढलं. आणि इथं माझा जीव टांगणीला लागला, कारण त्या जूनमध्ये मला अहमदपूरला शाळेत जायचं होतं. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. अहमदपूरला मुलींच्या वसतिगृहात राहून मी पुढं शिकावं, असं दादानं ठरवलं होतं आणि कामावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दादा गेला तसं ते सांगणंही गेलं. माय मला पाण्याला सोडत नव्हती, शाळेला कुठली सोडते.

यावर आमच्या आत्याकडं उतारा तयार होता. ती दादाची थोरली बहीण, नांदेडला दिलेली, मयतीला आली ती काही दिवस राहिलेली. भावासाठी तिचं काळीज तुटत होतं, त्यात खोट नव्हती. पण तिच्या मायेचा एकच मार्ग होता, पोरीला उजवून टाकायचं. तिच्या पुतण्याला नांदेडच्या कापडाच्या गिरणीत काम होतं. घरात एक खाणारं तोंड कमी होईल आणि पोरगी नात्यातच राहील, असं ती मायला रोज समजावायची. माय हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. मी चुलीमागं बसून दात-ओठ खायची. दुःख झालं होतं आम्हाला, पण त्याचं काय करायचं ते सगळे बाहेरचेच ठरवत होते.

अशात एके दिवशी कासारीण भेटायला आली.

ही बाई अहमदपूरला राहायची आणि आठवड्याला एकदा आमच्या बाजूच्या गावांतून बांगड्या भरत हिंडायची. माहेर देगलूरकडचं, त्यामुळं बोलण्यात तेलुगू हेल. प्रत्येक बाईला ती ‘अक्का’ म्हणायची, वयानं लहान असली तरी. गावातल्या बायका आमच्या वस्तीत यायच्या नाहीत, आल्या तरी सावली सांभाळून उभ्या राहायच्या. कासारीण मात्र आमच्या बायकांचा हात हातात घ्यायची, कारण हात धरल्याशिवाय बांगडी भरता येत नाही. धंद्यापुरतं का होईना, पण ती आमचा हात दाबून, वळवून, फुंकर मारून बघायची. पाणी मात्र आमच्या घरचं घ्यायची नाही.

त्या दिवशी तिनं खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा फडक्यात घट्ट बांधून बाहेर बाभळीखाली ठेवल्या होत्या. मयताच्या घरी बांगडी वाजू नये म्हणून. विधवेच्या दारी कासारणीनं येऊच नये असा रिवाज, पण मायचं आणि तिचं जुनं होतं. मायचा लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. ती आत आली आणि मायजवळ बसली. गळा काढला नाही. मायचं मनगट धरलं, वळवलं आणि जखमेवर बोट फिरवून एकदम संतापली.

‘कोन फोडल्या? धड फोडता बी येत न्हाई आनि निघाल्या फोडाया. मला बलवायचं. म्या काढून दिल्या असत्या अक्का, आख्ख्या.’

आत्या म्हणाली, अशा वेळी बांगड्या काढत नसतात, फोडतातच. कासारीण म्हणाली, हात कशाला फोडता मग. आणि ती मायचं मनगट तसंच धरून बसून राहिली. इतक्या दिवसांत मायच्या हाताला हात लावणारी ती पहिली. बाकीच्यांनी पाठीवरून हात फिरवला होता, तो वेगळा.

मग ती उठली. आणि दाराबाहेर पाय टाकताना, रोज दारोदार हिंडून झालेल्या सवयीनं तिच्या तोंडून गेलं, ‘येते, अक्का.’

घरातल्या सगळ्या बायका गार झाल्या. आत्यानं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला. कासारणीनं जीभ चावली. तिच्या धंद्यात ‘जाते’ हा शब्द नाही. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं आणि दारातून निघताना ‘येते’ म्हणायचं, हेच तिच्या तोंडात बसलेलं. ‘चुकलं माय, धंद्याचं तोंड हाय,’ असं ती हात जोडून म्हणायला लागली. आत्या तिला म्हणाली की आता या घरातून आणखी कुणाला न्यायचं आहे तुला?

तेव्हा मायनं तोंड उघडलं. आवाज घोगरा झाला होता.

‘म्हनलीस ना? मग ये.’

कासारीण पुढच्या आठवड्याला आली. भीत भीतच आली, कारण बोलून बसली होती आणि न यावं तर तेही पाप. बाहेर माळा ठेवून आत बसली आणि काय बोलावं हे न कळून सुनेच्या कागाळ्या सांगायला लागली. सून बाजारातून चांगली मिरची आणत नाही. अहमदपूरच्या नळाला पाणी नाही. कामावर जाणाऱ्या बायका बांगड्या भरत नाहीत, कारण पाटी उचलताना त्या वाढतात. देवाला कोण आवडतं आणि काळ हे कसं औषध आहे, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. माय ऐकत राहिली. निघताना कासारीण घुटमळली. मायनं तिच्याकडं बघितलं. मग ती हळूच म्हणाली, ‘येते.’ माय म्हणाली, ‘ये.’

तेव्हापासून तिचा वार ठरला. ती यायची, बडबडायची आणि सांगून जायची. त्या एका दिवशी माय अंगणात सडा टाकल्यासारखं चार थेंब पाणी शिंपडायची आणि केस विंचरायची. इतर दिवशी भेटायला कुणी आलं तर तिनं तोच नेम लावला. पाठ फिरवून निघालेल्या माणसाला ती आतून म्हणायची, ‘सांगून जा.’ लोकांना घाम फुटायचा. अपशकुन नको म्हणून त्यांनी हळूहळू यायचंच सोडलं. बरं झालं. तोंडदेखल्यांची वर्दळ कमी झाली आणि घरात हवा खेळायला लागली.

एकदा कासारणीचा वार चुकला. माय सकाळपासून उंबऱ्यावर बसली होती. दुपार झाली, संध्याकाळ झाली. आत्या त्याच दिवशी नांदेडहून परत आली होती, शाळा उघडायच्या आत पुतण्याचं पक्कं करायला. ‘कशाला बसलीस तिच्या वाटंवर,’ ती म्हणाली, ‘परक्याचा काय भरवसा. आपलं लेकरू आपल्या मानसात दे.’ मायनं मान हलवली. होकारासारखी हलली ती. मला वाटलं, आता संपलं. मायचा एकच भरवसा होता आणि तो न सांगता गेला होता. आता ती मला कुणाच्याही हाती देऊन मोकळी होणार. मी तेव्हा कासारणीला मनात जितक्या शिव्या दिल्या तितक्या आजवर कुणाला दिल्या नसतील.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती आली. लंगडत, धुळीनं भरलेली. बाहेर माळा टाकल्या आणि दारातच बसकण मारली.

‘काल येष्टी आली न्हाई. आज बी आली न्हाई. मग चालतच आले,’ ती म्हणाली. ‘म्हनून गेलते ना. पानी दे गं पोरी.’

मी मायकडं बघितलं. कासारणीनं आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. मी तांब्या भरून दिला. तिनं घटाघट पिऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, खारं हाय. आणि आणखी मागितलं.

माय उठली. बाहेर जाऊन तिनं बाभळीखालच्या माळा उचलून आत आणल्या. फडकं सुटलं आणि इतक्या दिवसांनी घरात बांगड्या वाजल्या. मायनं कासारणीसमोर बसून हात पुढं केला.

‘भर.’

आत्या किंचाळायचीच राहिली होती. कासारीणही मागं सरकली. विधवेचा हात भरला हे कळलं तर गावात तिच्याकडून कोण भरून घेईल, धंदा बसेल, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. मायच्या चेहऱ्यावर मला जरासं हसू दिसलं. ते दादा विडी ओढत दारात अडून बसायचा तेव्हाचं हसू.

‘बसलेलाच हाय की. या दुष्काळात कोन भरून राहिलं तुझ्याकडून?’

कासारीण हसली. मग दोघी हसल्या. कासारणीनं हिरव्या बांगड्यांची माळ पुढं ओढली, तर माय म्हणाली, ‘त्या नको. त्या त्याच्या व्हत्या. निळ्या दे.’

आत्या मात्र गप बसली नाही. ती म्हणाली की भावाला जाऊन वर्ष झालं नाही आणि तू सोंगं करून राहिलीस, लोक काय म्हणतील, रीत म्हणून काही असते. मायनं हात कासारणीच्या हातातच ठेवला आणि मान वळवून बोलली. इतकं लांब ती त्या वर्षात पहिल्यांदा बोलली.

‘बाई, तुमी बी तितंच व्हता. बावीस प्रतिज्ञा म्हनताना माझ्या बाजूलाच उभ्या व्हता. तेरावं सोडलं, पिंड सोडला. मग हातावर दगड कामून चालतो? आनि एक येतो म्हनायला तोंडाला कुलूप कामून? ह्या बाईनं येते म्हनलं आनि पायी चालत आली. माझ्या घरातून आता जो जाईल तो सांगून जाईल आनि परत येईल. पोरगी शाळंला जाईल. तिच्या बापानं सांगितलंय.’

‘आनि न्हाई आली तर?’ आत्यानं विचारलं.

‘येईल. ही आली की.’

आत्या रडायला लागली आणि पहिल्यांदाच ती खरं म्हणजे भावासाठी रडते आहे असं मला वाटलं. मायनं रिकाम्या हातानं तिला जवळ ओढलं. दुसरा हात कासारीण भरत होती. संध्याकाळी आत्या नांदेडला निघाली तेव्हा फुरंगटलेलीच होती. पण दारात थांबली आणि भिंतीकडं बघत पुटपुटली, ‘येते.’

जूनमध्ये मी अहमदपूरला गेले. पाऊस अजून तोंड लपवूनच होता. एसटी थांबायची त्या फाट्यापर्यंत माय आली नाही. ती उंबऱ्यावर बसली. मी पत्र्याची पेटी घेऊन बाहेर पडले आणि वळून म्हटलं, ‘येते गं माय.’ तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. मी बापाची लेक, अडून उभी राहिले. गाडी चुकते की काय असं वाटायला लागलं तेव्हा ती म्हणाली, ‘ये.’ तिच्या मनगटात निळ्या बांगड्या होत्या. गावात त्यावर बरीच चर्चा झाली, वस्तीतही झाली. नंतर लोकांना दुसरे विषय मिळाले. कासारणीचा धंदा बसला नाही. पाऊस झाला, कामं संपली आणि बायका पुन्हा हात भरायला लागल्या. दर शनिवारी मी घरी आले की माय मला आधी डोळे भरून बघायची आणि मग कामाला जुंपायची.

तिचं दुःख गेलं, असं मी म्हणणार नाही. दुःख जात असतं असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. दादाच्या जागेवर बसून ती शेवटपर्यंत कधी जेवली नाही. पण तिचा श्वास दाराकडं बघून अडकायचा, तो सुटला. मला विचाराल तर सांत्वन म्हणजे एवढंच असतं आणि ते पुष्कळ असतं.

पुढं नांदेडला कॉलेज झालं आणि लातूर जिल्हा झाला त्या सुमारास मला तिथं नव्या कचेरीत नोकरी लागली. नवा जिल्हा म्हणजे पाट्यांचा रंग ओला आणि खुर्च्या उसन्या. आमचं खातं एका भाड्याच्या घरात होतं, पुढच्या खोलीत आम्ही आणि मागच्या खोलीत घरमालकाची तूर. पण लोकांची छाती फुगलेली होती. आता कामाला उस्मानाबादपर्यंत जायला नको, हे जो तो दुसऱ्याला सांगायचा. लग्न मी केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि तीही काही रडगाणं नाही. एक खोली भाड्यानं घेतली आणि माझं राज्य सुरू झालं.

माय गाव सोडायला तयार नव्हती. एकदा मी गावी गेले असताना तिनं विचारलं, ‘रोज कामाला जाताना कुनाला सांगून जातीस?’ मी म्हटलं, कुलपाला. पुढच्या आठवड्यात ती गाठोडं घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरली आणि विचारत विचारत माझ्या कचेरीत येऊन तुरीच्या पोत्यावर बसली.

शेजारच्या घरात एक मास्तरांचं कुटुंब होतं. नवरा-बायको दोघं शिकलेली, बोलणं मोजूनमापून. बाई आमच्याशी हसायच्या, पण त्यांच्या ओट्याच्या अलीकडूनच. काही वर्षांनी मास्तर गेले. माय भेटायला गेली, मीही बरोबर होते. खोलीभर माणसं, सगळी गप. थोडा वेळ बसून माय उठली आणि दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘येते, बाई.’ खोलीतल्या माना एकदम वर झाल्या. संध्याकाळी मास्तरांचे जावई आमच्याकडं आले. तुमच्या आईंना समजत नसेल, पण आमच्यात असं बोलत नाहीत, जरा समजावून सांगा, असं अगदी गोड शब्दांत म्हणाले. मी म्हटलं, ‘त्या उद्या येणार आहेत तुमच्याकडं, तेव्हा तुम्हीच सांगा.’

दुसऱ्या दिवशी माय गेली. दार जावयांनी नाही, बाईंनी उघडलं. मायनं त्यांना माझ्या कागाळ्या सांगितल्या. मी भाजीत मीठ कमी घालते, लातूरचं पाणी किती दिवसांनी येतं आणि आलं तरी मी झोपून राहते. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पाहुणे आपापल्या गावी पांगले, तरी माय जात राहिली. पुढं पुढं मी कचेरीतून परतायची तेव्हा दोघी आमच्याच ओट्यावर तूर पाखडताना दिसायच्या. बाईंचे हात रिकामे होते. त्या मायच्या निळ्या बांगड्यांकडं बघायच्या, विचारायच्या मात्र नाहीत. मायनंही त्यांना कधी सुचवलं नाही. ज्याचा हात त्यानंच पुढं करायचा असतो, असं ती म्हणायची.

मग तिचंही वय झालं. दवाखान्यात ठेवलं तेव्हा बाई रोज डबा घेऊन यायच्या. शेवटच्या संध्याकाळी त्या उठल्या, मायच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘येते हं उद्या.’ माय डोळे मिटून होती, पण तिनं मान हलवली. मी रात्रभर तिच्यापाशी होते. पहाटे ती गेली. मला न सांगता गेली आणि मला तिचा इतका राग आला की मी तिचा हात धरून तिच्याशी भांडले.

घरी आणल्यावर बायकांनी आंघोळ घातली. गावाकडून आलेली एक वयस्क नातेवाईक म्हणाली, बांगड्या फोडाव्या लागतील, बोटं सुजली आहेत. मी तिला बाजूला केलं. साबणाचा फेस केला, मायची बोटं एकावर एक दुमडली, अंगठा आत दाबला आणि कासारीण हात वळवायची तसा हात वळवत एकेक बांगडी काढली. वेळ लागला. बाहेर लोक खोळंबले होते. खोळंबू दिलं. बांगड्या निघाल्या, अख्ख्या, सगळ्या. त्या मी तिथंच माझ्या हातात घातल्या.

स्मशानात मी गेले. बायकांनी कशाला, असं एक-दोघांनी म्हणून बघितलं आणि माझा चेहरा पाहून सोडून दिलं. वंदना झाली. परत निघताना कुणीतरी सवयीनं म्हणालं, आता मागं वळून बघू नका. मी थांबले आणि वळले. जाळ चांगला पेटला होता. मी मोठ्यानं म्हटलं, ‘येते गं माय.’ सोबतची माणसं भराभर पुढं चालायला लागली. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. तिथून कुणी ‘ये’ म्हणणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी उभी राहिले. त्यानंतर रडायला आलं ते अख्ख्या रस्त्यानं थांबलं नाही.

गल्लीत शिरले तेव्हा माणसं पांगली होती. आमच्या दाराला मी लावलेलं कुलूप तसंच होतं आणि ओट्यावर शेजारच्या बाई बसल्या होत्या. शेजारी डबा होता.

‘काल त्यांना येते म्हणून गेले होते,’ त्या म्हणाल्या.

मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि म्हटलं, ‘या.’